चौथ्या फेरीतली बाई

लेकीने माझं नाव त्या कार्यक्रमात घातलं, तो दिवस अगदी साधा होता. मी गॅलरीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. ती आतून ओरडली, "बाबा, तुमचा व्यवसाय काय लिहू?"

"निवृत्त."

"निवृत्त हा व्यवसाय नसतो."

"मी छत्तीस वर्षं नोकरी केली ती याच व्यवसायात पडायला."

ती काही हसली नाही. हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतीच. फर्निचरचे आराखडे काढणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. कंपनीने एका सकाळी तिचा अख्खा विभाग बंद केला आणि निरोपाच्या पत्रात 'कुटुंब' हा शब्द चार वेळा वापरला. तेव्हापासून ती माझ्याकडे राहायला आली होती आणि आतल्या खोलीत कम्प्युटरसमोर बसून ओळखी वाढवत होती. आमच्या वेळी ओळखी आपोआप वाढत, वजनासारख्या. आता त्यासाठी नोंदणी करावी लागते.

"तुम्हीही बसा दर शनिवारी त्या ऑनलाइन ओळखींच्या कार्यक्रमाला," ती म्हणाली. "दिवसभर नुसते कुढत असता."

"मी कुढत नाही. वाचत असतो."

"चेहरा तोच असतो."

तर मी बसलो. शनिवारी दुपारी तीन वाजता, बाहेरच्या खोलीत, तिच्या जुन्या कम्प्युटरसमोर. ती आतल्या खोलीत तिच्या नव्यावर. एकाच घरातून दोन माणसं एकाच सभेला दोन दारांनी गेली म्हणायची. पडद्यावर चाळीसेक चौकोन आणि प्रत्येकात एक डोकं. सूत्रसंचालिका इतकी हसत होती की तिच्यामागे कोणी उभं राहून गुदगुल्या करत असावं. तिने नियम सांगितले. यंत्र दोघादोघांना एका खोलीत घालणार, चार मिनिटं. चार मिनिटांनी घंटा होऊन खोली बंद. अशा फेऱ्या. नाव सांगायचं नाही, फक्त काम. नाव आणि फोन नंतर, दोघांचीही इच्छा असेल तर. आणि तीनच गोष्टी बोलायच्या: मी कोण, मी काय करतो, मी कशाच्या शोधात आहे.

मी फॉर्मवर लिहिलं होतं, 'अभिलेखपाल, निवृत्त. जुने कागद लावून देतो. शोधात: काही नाही.' लेकीने 'काही नाही' खोडून 'नव्या संधी' केलं होतं.

पहिल्या फेरीत एक गृहस्थ भेटले. ते लोकांना पहाटे उठायला शिकवत आणि चारही मिनिटं जांभया देत होते. दुसरीत एका बाईने विचारलं, "तुमचा ब्रँड काय?" मी सदऱ्याची कॉलर उलटून बघू लागलो. तिसरीत एक दंतवैद्य. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "खालची डावी दाढ कधी काढलीत?" सगळ्या सभेत माझ्यात खरा रस त्यांनी एकट्याने घेतला.

मग पुन्हा घंटा झाली आणि मी चौथ्या खोलीत गेलो.

समोरचा चौकोन काळा होता. कॅमेरा बंद असला की असतो तसा. खाली 'अतिथी' एवढंच लिहिलेलं. मी थांबलो. उन्हाचा पट्टा फरशीवरून माझ्या पायापर्यंत आला होता, पंखा फिरत होता, खाली कोणीतरी मोटार धूत होतं. त्या सगळ्याच्या आत एक आवाज होता. खरवडल्यासारखा, बारीक, संथ, एका लयीतला. टोकदार निब कापडावरून ओढल्याचा.

आणि मग वास आला.

कम्प्युटरमधून वास येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तो वास ओळखायला मी चुकणं शक्य नव्हतं. नकाशांच्या प्रती काढायच्या जुन्या यंत्रातला अमोनिया. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. माझी बायको मोजणीच्या कचेरीत ट्रेसर होती. मूळ नकाशावर आरपार दिसणारं कापड अंथरून काळ्या शाईने तो रेघन् रेघ उतरवायचा आणि मग यंत्रात घालून प्रती काढायच्या, हे तिचं काम. कागदोपत्री तिच्या पदाला 'अनुरेखक' म्हणत. कागदाबाहेर तसं कोणीच म्हणत नसे. संध्याकाळी घरी आली की केसांना तो वास असायचा. मी नाक मुरडायचो. ती म्हणायची, "तुमच्या धुळीपेक्षा बरा."

तिला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

"नमस्कार," काळ्या चौकोनातून आवाज आला. "माझं ऐकू येतंय ना आपल्याला?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"मी ट्रेसर आहे. नकाशे उतरवते. पण आत्ता मी कामासाठी नाही आले... मी एका मुलीच्या शोधात आहे. सात वर्षांची आहे. शाळा सुटून बराच वेळ झालाय. आपल्या ओळखीत कोणी आहे का... ज्यांनी तिला पाहिलं असेल?"

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. बायको गेली त्या दिवशी लेकीला शाळेतून आणायची पाळी तिची होती. साडेचारला ती कचेरीतून निघाली. पाच वाजता शाळेतून माझ्या रेकॉर्ड रूमला फोन आला, की न्यायला कोणी आलेलं नाही. मी निघालो, आणि शाळेपर्यंतची सगळी वाट मनातल्या मनात तिला बोल लावत गेलो. इतकी कसली विसरभोळी, नकाशे काढते आणि शाळा सापडत नाही, असं बरंच काही. मुलगी फाटकाशी दप्तर पोटाशी धरून उभी होती. तिला घेऊन घरी आलो, तर जिन्यात दोन माणसं माझी वाट बघत उभी होती. कचेरीच्या पुढच्या चौकातच बायकोला गाडीने उडवलं होतं. मी तिला बोल लावत होतो, तेव्हा ती जाऊन अर्धा तास झाला होता.

आणि आता ती मला विचारत होती, मुलगी पाहिली का.

मुलगी आतल्या खोलीत होती. चौतीस वर्षांची. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, ती कोणालातरी आपली कौशल्यं सांगत होती.

मी काय म्हणायला हवं होतं, ते कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. पण माझ्या तोंडातून छत्तीस वर्षांची सवय बाहेर पडली. रेकॉर्ड रूमच्या खिडकीत अर्जदार उभा राहिला की त्याला नाही म्हणायचं नसतं आणि कागदही लगेच द्यायचा नसतो. कागद समोर असला तरी.

"चौकशी करतो," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी या."

"नक्की ना?"

"नक्की."

"फार उपकार होतील," ती म्हणाली, आणि घंटा झाली.

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, म्हणून तसं बोललो. हे मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या शनिवारी मी घाबरलो नव्हतो. दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता.

चौथ्या फेरीत ती आली. मला ओळखलं नाही. तिला समोर एक म्हातारा दिसत असणार. तिने सोडला तो नवरा अडतीस वर्षांचा होता, आणि त्याला केस होते. मी पुन्हा मी कोण, मी काय करतो हे सांगितलं. म्हणालो, चौकशी चालू आहे. दोन ठिकाणी लिहिलंय. उत्तर यायचंय. उरलेली तीन मिनिटं मी तिला काहीबाही विचारत राहिलो. शाई कुठली वापरता? रेघ चुकली तर? ती म्हणाली, "ब्लेडने खरवडायची, हळूच. कापड फाटू द्यायचं नाही." हे मला माहीत होतं. मी ते शंभरदा ऐकलं होतं आणि एकदाही लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

असे शनिवार जात राहिले. प्रकरण मी प्रलंबित ठेवलं. मला ठाऊक होतं, की मुलगी सापडली असं ज्या दिवशी सांगेन, त्या दिवशी ही बाई पुन्हा यायची नाही. अर्जदार कागद मिळाल्यावर खिडकीशी कशाला येईल?

"बाबा," एकदा लेक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शनिवारी अत्तर लावता तुम्ही?"

"आफ्टरशेव्ह आहे."

"कोणी बाई भेटल्या वाटतं!"

"व्यावसायिक ओळख आहे," मी म्हणालो. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात दोघं एकदम हसलो.

एकदा मी धीर करून सूत्रसंचालिकेला लिहून विचारलं, चौथी फेरी चारऐवजी पाच मिनिटांची करता येईल का. तिचं उत्तर लगेच आलं, हसऱ्या चेहऱ्याच्या तीन चित्रांसह. 'काका, फेऱ्या तीनच असतात!'

मी ते लेकीला सांगितलं नाही. फाईलला लावून ठेवलं, एवढंच.

सातव्या की आठव्या शनिवारी मी तिला विचारलं, "मिस्टर काय करतात आपले?"

निबचा आवाज जरा थांबला. "रेकॉर्डला असतात. कागदांत डोकं घालून. मनाने चांगले आहेत हो... पण काहीही विचारलं की म्हणतात, बघू. घर बदलायचं का? बघू. हिला पोहायला घालायचं का? बघू. मी एकदा म्हटलं, मी मेले तरी म्हणाल बघू."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बघू."

ती हसली. मला ते हसू अंगावर घ्यावंसं वाटलं, पांघरुणासारखं. मग ती म्हणाली, "आपल्याकडे काही कळलं का मुलीचं?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

पण तिचा आवाज बदलत चालला होता. आधी तो कचेरीत बसून बोलल्यासारखा असे. आता चालताचालता बोलल्यासारखा, धाप लागलेला. निबचा आवाज बंद झाला. त्या जागी पावलं आली. दहाव्या शनिवारी, माझ्या फरशीवर ऊन लख्ख पडलेलं असताना, ती म्हणाली, "अंधार व्हायला लागलाय इकडे. प्रत्येकाला विचारते मी... सगळे म्हणतात बघू. एकटी उभी असेल हो ती. तिला अंधाराची भीती वाटते."

मी तोंड उघडलं. सांगणारच होतो. मग वाटलं, आणखी एक शनिवार. फक्त एक.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर लेक बाहेर आली आणि माझ्या शेजारी खुर्चीवर बसली. डोळे लाल झाले होते.

"काय झालं? कोणी नाही म्हणालं का कामाला?"

"नाही... आज चौथ्या फेरीत एक बाई आल्या होत्या. कॅमेरा बंद. मी नमस्कार म्हटलं, काय काम करते ते सांगितलं. त्या म्हणाल्या, 'माफ करा, मी लहान मुलीला शोधतेय,' आणि गेल्या. बस, एवढंच." तिने ओढणीने नाक पुसलं. "मला रडू का येतंय तेच कळत नाहीये. बाबा, आईचा आवाज कसा होता? मला चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज आठवतच नाही. किती प्रयत्न करते."

मी उठून पाणी आणायला गेलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो. पेला भरून वाहत होता, तरी नळ बंद करायचं सुचेना. आई आणि मुलगी समोरासमोर आल्या होत्या. एकमेकींना ओळखून घ्यायला त्यांच्यात फक्त एका माणसाची गरज होती. आणि तो माणूस भिंतीपलीकडे आफ्टरशेव्ह लावून बसला होता.

अकराव्या शनिवारी मी दाढी केली नाही. तीन फेऱ्या कशा गेल्या मला आठवत नाही. घंटा झाली. चौकोन काळा झाला. वास आला, पण या वेळी अगदी क्षीण, धुतलेल्या केसांत राहतो तेवढा.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी..."

"मुलगी सापडली," मी म्हणालो.

पावलं थांबली.

"तिला त्याच दिवशी आणलं शाळेतून. साडेपाचला. रडली नव्हती. फाटकाशी दप्तर पोटाशी धरून उभी होती. अंधार व्हायच्या आत घरी आली. तुम्ही... तू काळजी करू नकोस."



"कोणी आणलं?"

"मी."

"आपण कोण?"

मी चष्मा काढला. का काढला, कुणास ठाऊक. म्हणालो, "मी तोच. रेकॉर्डवाला. बघू म्हणणारा."

पलीकडे श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. आणि मग ती बोलली. या अकरा आठवड्यांत 'आपण', 'आपल्याला' म्हणत होती ती बाई पहिल्यांदा तिच्या आवाजात बोलली.

"अहो... मग मला सांगितलं का नाहीत?"

मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"किती फिरले मी..." ती म्हणाली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "कुठे आहे ती आता?"

"आत आहे," मी म्हणालो, "आतल्या खोलीत." शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

"मग येते मी तिला न्यायला."

"अगं, थांब. ऐक..."

घंटा झाली. पडद्यावर चाळीस डोकी परत आली आणि टाळ्या वाजवू लागली.

आमच्या दारावरची बेल त्याच क्षणी वाजली. मी उठेपर्यंत लेक आतून बाहेर आली होती, कानांतल्या तारा गळ्यात लोंबत होत्या. "मी बघते," म्हणाली. मी "नको" म्हणालो. तोवर तिने दार उघडलं होतं.

बाहेर कोणी नव्हतं. जिन्यावर दुपारचा पांढरा उजेड, आणि खाली मोटार धुतल्याचं पाणी टपकत होतं.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली. पण दार लावलं नाही. उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिचा उजवा हात अंगापासून जरासा दूर होता. खांद्यातून थोडा उचललेला, बोटं सैल मिटलेली. मोठ्या माणसाने धरलेला लहान मुलाचा हात असतो, तसा.

"मी जरा जाऊन येते," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने विचार केला. कपाळाला आठी पडली. "माहीत नाही," म्हणाली, आणि एक पाऊल बाहेर टाकलं.

मी धावलो. या वयात मी धावतो हे मलाही नवीन होतं. मी तिचा डावा हात धरला, घट्ट. ती थांबली. दारात आम्ही उभे राहिलो. मी, मध्ये माझी लेक, आणि तिचा तो उचललेला हात. असे आम्ही पूर्वी रस्त्याने चालायचो, ती मध्ये आणि दोन बाजूंना दोघं.

"हिला राहू दे," मी रिकाम्या जिन्याला म्हणालो. "मोठी झाली आहे ती. आता कोणी न्यायची गरज नाही तिला. ऐकतेस ना... त्या दिवशी शाळेपर्यंत मी तुला बोल लावत गेलो होतो गं. तुला काही झालं असेल असं मनात आलंच नाही. माझं चुकलं."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

मी तिचा हात सोडला नाही. किती वेळ गेला, मोजला नाही. वास आला आणि गेला. मग लेकीचा उजवा हात हळूहळू खाली आला. कोणीतरी अलगद खाली ठेवावा तसा.

त्याला आता चार महिने झाले. लेकीला काम लागलं. एका सुताराचा मोठा कारखाना आहे, त्याचे आराखडे ती काढते. ओळख त्या कार्यक्रमातूनच झाली, म्हणजे शनिवार अगदीच वाया गेले असं म्हणता येत नाही. मी अजून दर शनिवारी बसतो. पहाटे उठवणारे भेटतात, दंतवैद्य भेटतात. आमची आता चांगली ओळख आहे, माझ्या दाढेचं ते मनापासून विचारतात. तिसरी फेरी संपली की मी कान देऊन बसतो. घंटा होते आणि कार्यक्रम संपतो. मी पडदा बंद करत नाही. तो आपला आपण विझेपर्यंत बसून राहतो.

लेकीला पाठवायचं नव्हतं, हे खरं. पण तिच्या आईने इतक्या चटकन ऐकावं, हेही मला नको होतं.

असो. लेक हल्ली साडेपाचला सुटते आणि सहाला घरी यायला हवी, ती साडेसहाला येते. कधी पावणेसातला. विचारलं तर म्हणते, "सरळच आले की, बाबा. कुठे उशीर झालाय?" आणि घड्याळ पाहून स्वतःच चकित होते. चेहरा मात्र छान दिसतो. इतकी निवांत मी तिला लहानपणानंतर पाहिलेली नाही.

काल मी खिडकीत उभा होतो. ती वळणावरून आली, फुटपाथच्या अगदी आतल्या कडेने, उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून. फाटकाशी थांबली. मान वर करून कोणाकडे तरी पाहिलं, नुसतं 'हो' म्हणावं तशी हलवली. माझी लेक तिच्या आईपेक्षा वीतभर उंच आहे. मग तिने उजवा पाय पुढे केला आणि तशीच उभी राहिली, एका हाताने हवेतच कशाचा तरी आधार घेऊन. खाली वाकून कोणी बुटाची नाडी बांधत असलं की मुलं उभी राहतात तशी. बराच वेळ.

तिच्या पायांत चपला होत्या.